हातातला कॅमेरा आणि समोरचा माणूस: उपकरणाचा आकार कसा निवडावा

एकाच नाटकाच्या तालमीची छायाचित्रे मी लागोपाठ दोन दिवस काढली होती. पहिल्या दिवशी माझ्याकडे मोठी बॉडी, म्हणजे लेन्स वगळून उरलेला कॅमेरा, आणि तिच्यावर दूरचे जवळ आणणारी, भरपूर प्रकाश घेणारी ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स होती. दोन्हींचे मिळून वजन दोन किलोच्या वर जात होते. मी आत आल्याबरोबर दिग्दर्शकांनी पहिल्या रांगेतील खुर्च्या बाजूला करायला लावल्या, सर्वांशी माझी ओळख करून दिली आणि मला जागा द्यावी असे दोनदा बजावले. त्यानंतरचे तीन तास नटांचे चेहरे सहकलाकारापेक्षा माझ्याकडे अधिक वळलेले होते. दुसऱ्या दिवशी मी रुंद दृश्य टिपणाऱ्या २८ मिलिमीटर लेन्सचा, तळहातात मावणारा कॅमेरा नेला. पाव तासात मी तेथे आहे हे सर्वजण विसरले. विश्रांतीच्या वेळी दोन नटांचा एका संवादावरून वाद झाला आणि तो मला दीड मीटरवरून टिपता आला. मात्र संध्याकाळी निर्मात्यांनी काळजीच्या स्वरात विचारले की आज फोटो काढायला कोणी आले नव्हते का.

दोन्ही दिवशी माणूस तोच होता, खोली तीच होती आणि प्रकाशही जवळपास तसाच होता. बदलला होता तो फक्त कॅमेऱ्याचा आकार, आणि त्याबरोबर खोलीतील प्रत्येकाचे माझ्याशी असलेले नाते बदलले होते. मोठ्या कॅमेऱ्याने मला अधिकार दिला आणि सहजता काढून घेतली. लहान कॅमेऱ्याने नेमके उलट केले. म्हणून कोणता कॅमेरा चांगला हा प्रश्न येथे फारसा उपयोगी नाही. आजच्या कामात समोरच्या माणसाशी आपले नाते कसे हवे आहे हे घरातून निघण्यापूर्वी ठरवावे, त्या नात्याला साजेसे उपकरण घ्यावे आणि मग ते उपकरण जे सुचवते त्याच्याशी आपले वागणे जुळते ठेवावे. या तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

समोरचा माणूस काय वाचतो

कॅमेरा दिसताच माणसाच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात: हा कोण आहे, हे छायाचित्र कुठे जाणार आहे आणि यात माझा किती वेळ जाणार आहे. उत्तरे तो उपकरणावरून काढतो. त्याला सेन्सरचा, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या चिपचा, आकार दिसत नाही. त्याला दिसते ती लेन्सच्या पुढच्या काचेची रुंदी, लेन्सची लांबी, खांद्यावरच्या पिशवीचा फुगवटा आणि गळ्यात एक कॅमेरा आहे की दोन. म्हणूनच छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा मोठा सेन्सर असलेला कॅमेरा बसक्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्ससह साधा वाटतो, तर त्याहून बराच लहान सेन्सर असलेला पण लांब नाकाचा सुपरझूम कॅमेरा व्यावसायिक समजला जातो. रंगाचाही भाग आहे. कॅननच्या मोठ्या टेलिफोटो (दूरचे टिपणाऱ्या) लेन्सना उन्हात कमी तापाव्यात म्हणून पांढरट रंग दिला जातो, पण बघणाऱ्याच्या लेखी तो रंग म्हणजे बातमीदार किंवा क्रीडा छायाचित्रकार अशी खूणच होऊन बसली आहे.

मोबाइलचे प्रकरण वेगळे आहे. हातात मोबाइल असलेल्या माणसाला कोणी छायाचित्रकार समजत नाही, त्यामुळे लोक त्याच्यासमोर सैलावतात. वस्तुतः छायाचित्र काढल्यापासून काही सेकंदांत जगभर पोहोचवू शकणारे साधन तेच आहे. याच जाणिवेमुळे अलीकडे काही ठिकाणी उलटा अनुभवही येतो. मोबाइल उभा धरून कोणी स्थिर राहिले की हा चित्रीकरण करतो आहे अशी शंका लोकांना येते आणि गळ्यातला जुना कॅमेरा त्या मानाने निरुपद्रवी वाटतो. त्यामुळे लहान म्हणजे नेहमीच कमी धोक्याचे, असे धरून चालू नये.

अंतराचे गणित

उपकरणाच्या आकाराबद्दल बोलताना बहुतेक जण वजनावर थांबतात. माझ्या मते खरा परिणाम अंतराचा असतो. समजा, तुम्हाला दोन मीटर रुंदीची चौकट हवी आहे, म्हणजे शेजारीशेजारी उभी असलेली दोन-तीन माणसे आणि आजूबाजूला थोडी मोकळी जागा. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स असेल तर तुम्हाला त्यांच्यापासून सुमारे १.६ मीटरवर उभे राहावे लागते, ५० मिलिमीटरची असेल तर सुमारे २.८ मीटरवर आणि २०० मिलिमीटरची असेल तर तब्बल ११ मीटरवर. दीड मीटर हे संभाषणाचे अंतर आहे. तेथे उभ्या असलेल्या माणसाला हसून प्रतिसाद देता येतो, नको म्हणता येते, नाव विचारता येते. अकरा मीटरवरून यातले काहीही शक्य नसते. लांब लेन्सबद्दल लोकांच्या मनात जी अढी असते तिचे मूळ मला येथे दिसते: आपल्याला कोणी जवळून पाहत आहे, पण आपण त्याच्याशी बोलू शकत नाही, ही भावना कोणालाही अस्वस्थ करते.

यातून पहिला व्यवहार्य नियम निघतो. अनोळखी माणसांमध्ये काम करायचे असेल तर कॅमेऱ्याची बॉडी कोणतीही असो, लेन्स २८ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यानची ठेवावी. मोठी बॉडी आणि लहान प्राइम लेन्स ही जोडी लहान बॉडी आणि लांब झूम या जोडीपेक्षा लोकांना कितीतरी सुसह्य वाटते. लांब लेन्स लावण्यावाचून गत्यंतर नसेल, उदाहरणार्थ रंगमंचावरील प्रयोग किंवा मैदानावरील खेळ, तर ती अशा जागी उभे राहून वापरावी जेथे छायाचित्रकाराने असणे सर्वांना अपेक्षित आहे. मुले खेळत असलेल्या ठिकाणी लांब लेन्स घेऊन कडेला उभे राहू नये. तेथे आधी पालकांशी किंवा शिक्षकांशी बोलावे, आखूड लेन्सने जवळून काम करावे आणि काढलेली छायाचित्रे त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवावीत.

जवळ जायचे तर कॅमेरा डोळ्याशी फार वेळ ठेवून चालत नाही, कारण माणसाला ताण येतो तो त्या वाट पाहण्याचा. यासाठी अंतर आधीच ठरवून ठेवावे. पूर्ण फ्रेमवर २८ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर, म्हणजे तिचे छिद्र बरेच बारीक, ठेवून फोकस सुमारे ३.३ मीटरवर लावला, तर साधारण १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. मग कॅमेरा वर आणणे, चौकट बांधणे आणि खाली घेणे यात एखादा क्षणच जातो आणि फोकस शोधणारी मोटर मध्ये येत नाही. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तेवढ्याच दृश्यकोनासाठी आखूड लेन्स असल्यामुळे ही सवलत आणखी वाढते.

चेहरा झाकला जातो की नाही

मध्यभागी व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहण्याची खिडकी) असलेला मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की छायाचित्रकाराचा जवळपास सगळा चेहरा झाकला जातो आणि समोरच्याला दिसते ती फक्त काच. व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात असलेल्या कॅमेऱ्यात, उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचा अर्धा चेहरा बाहेर राहतो. हसू दिसते, भुवई दिसते. कमरेशी धरून वरून पाहण्याच्या दोन लेन्सच्या जुन्या कॅमेऱ्यात तर मान खाली झुकते, आणि या झुकण्यात आपोआप एक नम्रता येते. अमेरिकन छायाचित्रकार डायान आर्बस यांनी १९६२ च्या सुमारास ३५ मिलिमीटरचा कॅमेरा सोडून अशा चौरस चौकटीच्या कॅमेऱ्याकडे वळण घेतले. त्यानंतरच्या त्यांच्या छायाचित्रांतील माणसे सरळ आपल्याकडे पाहतात, कारण छायाचित्र काढले जात आहे हे ती जाणतात आणि त्यात सहभागी असतात.

अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील कष्टकऱ्यांची व्यक्तिचित्रे काढली तेव्हा त्यांच्याजवळ आठ बाय दहा इंचांची फिल्म घेणारा, ट्रायपॉडवर ठेवावा लागणारा अवजड कॅमेरा होता. असा कॅमेरा माणसाला बुजवील असे वाटते, परंतु चौकट आणि फोकस ठरवून झाल्यावर ॲव्हेडॉन कॅमेऱ्यामागे थांबत नसत, लेन्सच्या बाजूला येऊन उभे राहत. समोरच्या व्यक्तीची नजर यंत्राकडे न लागता माणसाकडे लागत असे. आपल्यालाही हे सहज करता येते. ट्रायपॉड लावावा, चौकट निश्चित करावी, दूरनियंत्रक किंवा केबल हातात घ्यावी आणि कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहून बोलत राहावे. ट्रायपॉड नसेल तर कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हलणारा पडदा बाहेर काढून कॅमेरा छातीशी धरावा आणि दर दोन-तीन छायाचित्रांनंतर नजर वर उचलावी. माझा अनुभव असा की व्यक्तिचित्रात माणूस आखडतो तो कॅमेऱ्याच्या आकारामुळे कमी आणि कॅमेऱ्यामागे माणूस नाहीसा झाल्यामुळे अधिक.

आवाज आणि दिवे

आरसा असलेल्या डीएसएलआरचा खटका शांत खोलीत चांगलाच ऐकू येतो, आणि सलग छायाचित्रे काढू लागलात तर डोकी वळणारच. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने हा आवाज पूर्ण बंद करता येतो. प्रार्थना, अंत्यविधी, व्याख्यान, संगीताची बैठक अशा ठिकाणी तो जरूर बंद करावा. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरची एक-एक ओळ वाचत जाते, त्यामुळे वेगाने हलणाऱ्या वस्तू तिरक्या होतात आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात. कार्यक्रमापूर्वी तेथील दिव्यांखाली एक-दोन चाचणी छायाचित्रे काढून पाहणे आवश्यक आहे. लेन्समध्येच शटर असलेले लहान कॅमेरे आवाजाला मुळातच मवाळ असतात.

व्यक्तिचित्र काढताना मात्र मी शटरचा आवाज मुद्दाम चालू ठेवतो. समोर बसलेल्या माणसाला छायाचित्र कधी निघाले हे कळण्याचा हक्क आहे आणि त्या खटक्यामुळे त्याला एक लयही सापडते: तो श्वास सोडतो, बसण्याची ढब बदलतो, पुढच्या क्षणासाठी तयार होतो. लोकांच्या लेखी हा आवाज म्हणजे सूचना असते. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचा आवाज बंद न करता येण्याची व्यवस्था आहे, ती चोरून छायाचित्रे काढली जाऊ नयेत यासाठीच.

फोकसला मदत करणारा छोटा दिवा, फोकस लागल्याचा बीप आणि प्रत्येक छायाचित्रानंतर उजळणारा पडदा या तीन गोष्टी कॅमेरा विकत घेतल्याच्या दिवशीच मेनूमध्ये जाऊन बंद कराव्यात. अंधाऱ्या सभागृहात कॅमेऱ्याच्या आकाराने जेवढा त्रास होत नाही तेवढा या दिव्याने होतो. फ्लॅशबद्दल वेगळे सांगायला नको. तो एकदा चमकला की खोलीतील प्रत्येकाने तुमची नोंद घेतलेली असते.

लहान कॅमेरा म्हणजे लपण्याची जागा नव्हे

लहान कॅमेऱ्याच्या इतिहासात चोरून पाहण्याचा एक धागा सुरुवातीपासून आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१६ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली होती, जेणेकरून समोरच्याला वाटावे की ते दुसरीकडेच पाहत आहेत. जर्मन वृत्तछायाचित्रकार एरिक सालोमन यांनी १९२८ साली जर्मनीत न्यायालयाच्या आत लपवलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली. पुढे राजनैतिक बैठकांत ते त्या प्रसंगाला शोभेल असा औपचारिक पोशाख करून वावरत, आणि मला वाटते त्यांना तेथे सामावून घेण्यात त्या पोशाखाचा वाटा कॅमेऱ्याइतकाच असावा. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या वर्षांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांची छायाचित्रे काढताना कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे केले, तो कोटाच्या आत ठेवला, लेन्स दोन बटणांच्या मधून बाहेर काढली आणि केबल बाहीतून हातापर्यंत आणली. ती छायाचित्रे पुस्तकरूपाने १९६६ साली आली, म्हणजे मध्ये पंचवीस वर्षे गेली.

ही छायाचित्रे मोलाची आहेत, तरीही तशी पद्धत आज नवशिक्याने अनुसरावी असे मी म्हणणार नाही. काढलेले छायाचित्र त्याच संध्याकाळी हजारो लोकांसमोर जाऊ शकते अशा काळात समोरच्याला पूर्णपणे अंधारात ठेवण्याची किंमत त्याच्या माथी पडते. याउलट, फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही लायका या जर्मन कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवली होती, पण कॅमेरा हातात उघडा असे. लक्ष कमी वेधले जावे एवढाच हेतू होता. लायकाचा हा लहान कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात लोकांसमोर आला आणि चित्रपटाच्या फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेऊ लागला, तेव्हापासून लक्ष न वेधणे आणि लपणे यांतील फरक छायाचित्रकाराने स्वतःच पाळायचा आहे.

व्यवहारात हा फरक असा पाळावा: कॅमेरा पिशवीत किंवा जाकिटाखाली ठेवून एकदम बाहेर काढू नये, जागेवर पोहोचल्यापासून तो हातात किंवा छातीवर उघड दिसू द्यावा. पहिली काही मिनिटे छायाचित्र न काढता नुसते उभे राहावे, म्हणजे ज्यांना आक्षेप असेल त्यांना तो सांगण्याची संधी मिळते. कोणाशी नजरानजर झाली तर कॅमेरा खाली घेऊन मान हलवावी. काय करता आहात असे विचारले गेले तर खरे आणि थोडक्यात सांगावे, आणि छायाचित्र पुसून टाकण्याची विनंती आली तर वाद न घालता पुसावे. लहान कॅमेरा घेऊन दबक्या पावलांनी फिरणारा माणूस मोठा कॅमेरा घेऊन मोकळेपणाने चालणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक संशयास्पद दिसतो.

मोठे उपकरण केव्हा योग्य

ज्या प्रसंगात तुमची भूमिका सर्वांना ताबडतोब कळणे गरजेचे आहे, तेथे मोठा कॅमेरा घ्यावा. समारंभात पुढे जाण्यासाठी वाट हवी असते. दोन कॅमेरे खांद्यावर असलेल्या माणसाला ती मिळते आणि मोबाइल धरलेल्याला मागे सारले जाते. मानधन देणाऱ्यांनाही काहीतरी दिसावे लागते. माझ्या त्या निर्मात्यांची काळजी चुकीची नव्हती, कारण मी लहान कॅमेरा आणणार आहे आणि तो का, हे त्यांना आदल्या दिवशी सांगायला हवे होते. आता मी लेखी कळवतो की कार्यक्रमाचा अमुक भाग मोठ्या उपकरणाने आणि तमुक भाग लहान कॅमेऱ्याने काढला जाईल, आणि सोबत दोन्ही प्रकारची चार-चार जुनी छायाचित्रे पाठवतो. तेव्हापासून हा प्रश्न पुन्हा उद्भवलेला नाही.

मोठ्या कॅमेऱ्याचा आणखी एक गुण आहे. ज्याने आपला वेळ काढून दिला आहे अशा व्यक्तीला, आपल्याला गांभीर्याने घेतले जात आहे, असे त्यातून जाणवते. ट्रायपॉड उभारण्यात, प्रकाश मोजण्यात जाणारा वेळ हा सन्मानाचा भाग ठरू शकतो, अट एवढीच की त्या वेळात छायाचित्रकाराने संभाषण चालू ठेवले पाहिजे. परंतु मोठे उपकरण हे एक आश्वासनही असते. ते घेऊन गेल्यावर घाईघाईत दोन छायाचित्रे काढून निघून गेलात, किंवा नंतर छायाचित्र पाठवलेच नाही, तर निराशाही त्याच मापाची होते.

प्रवेशद्वारावरील नियमांचे एक सांगणे उरते. अनेक प्रेक्षागृहे, मैदाने आणि संग्रहालये व्यावसायिक कॅमेरा म्हणजे काय हे लेन्स काढता येते का, तिची लांबी किती, ट्रायपॉड आहे का, यांवरूनच ठरवतात. आतल्या हेतूची चौकशी तेथे होत नाही. म्हणून नियम आधी वाचावेत आणि शंका असल्यास व्यवस्थापनाकडून लेखी उत्तर घेऊन ते सोबत ठेवावे.

पट्टा, हूड, पिशवी

कंपनीचे नाव ठळक अक्षरांत मिरवणारा पट्टा काढून साधा पट्टा लावावा. हूडमुळे, म्हणजे लेन्सच्या पुढे बसवायच्या आडोशामुळे, लेन्स दीडपट लांब भासते. बाहेर उन्हात तो उपयोगी आहे, खोलीत आडव्या प्रकाशाचा त्रास नसेल तर काढून ठेवावा. पिशवी लहान घ्यावी, कारण मोठी पिशवी उघडून लेन्स बदलत बसणे हे कोणत्याही लेन्सपेक्षा अधिक लक्ष वेधते. एका भेटीसाठी एकच लेन्स नेण्याचा प्रयोग करून पाहावा.

स्वतःची चाचणी

हे सर्व वाचून पटले तरी तुमच्या शरीरयष्टीवर, वयावर, वावरण्याच्या पद्धतीवर लोकांची प्रतिक्रिया अवलंबून असते, आणि ती दुसऱ्याच्या अनुभवावरून कळत नाही. म्हणून एक जागा निवडावी, जेथे तुम्हाला छायाचित्रे काढण्याची मुभा आहे. एकाच वारी, एकाच वेळी, लागोपाठ दोन आठवडे तेथे जावे: एकदा आपल्याकडील सर्वांत मोठ्या उपकरणासह आणि एकदा सर्वांत लहान. दोन्ही वेळा एक तास थांबावे. छोट्या वहीत नोंदवावे की किती जणांनी वळून पाहिले, किती जण चौकटीतून बाजूला झाले, किती जणांनी स्वतःहून फोटो काढायला सांगितले, कोणी काय विचारले आणि पहिले मोकळे छायाचित्र किती मिनिटांनी मिळाले. घरी आल्यावर छायाचित्रांतील नजरा मोजाव्यात: किती माणसे लेन्सकडे पाहत आहेत आणि किती एकमेकांकडे. तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बॉडीवर लहान लेन्स लावून तेच पुन्हा करावे. या तिसऱ्या तासाचे आकडे कोणत्या बाजूला झुकतात ते पाहिले की तुमच्या बाबतीत लोक बॉडीला बिचकतात की लेन्सला, हे कळते, आणि पुढची खरेदी त्यावरूनच करावी.